गावच्या ग्रामीण रुग्णालयाला ऑक्सिजनसाठी मदत करायची आहे – नेमकं काय घ्यावं?

गोमाईकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या दहावीच्या बॅचने मिळून साधारण चार लाख रुपये जमवलेत. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. तालुक्याला तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं आधी तिथेच येतात. जिल्ह्याचं ठिकाण दोन तासांवर, पावसाळ्यात रस्ता वाहून गेला की किती वेळ लागेल ते सांगता येत नाही.

२०२१ मध्ये कोविडच्या लाटेत आमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरातलं माणूस गमावलं. सिलिंडरसाठी रात्रभर फोन फिरवले, दुप्पट-तिप्पट डिपॉझिट भरलं. त्यामुळे पैसे ऑक्सिजनसाठीच द्यायचे, यावर सगळ्यांचं एकमत आहे. ग्रुपवर ठरत आलंय की पाच-सहा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारी, विजेवर चालणारी छोटी यंत्रं) घ्यायचे, त्यावर बॅचचं नाव टाकायचं आणि २६ जानेवारीला देऊन टाकायचे. अधीक्षक साहेबांना विचारलं तर म्हणाले, काहीही द्या, उपयोगच होईल.

मी बँकेत काम करतो, यातलं मला कळत नाही. पण लोकांनी पोटाला चिमटा काढून पैसे दिलेत, ते धूळ खात पडू नयेत एवढीच तळमळ आहे. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आबा_शिरपूर

चांगला उपक्रम. माझं मत विचाराल तर कॉन्सन्ट्रेटर वगैरे किरकोळ वस्तूंत पैसे घालवू नका. आमदार निधी, एखाद्या कंपनीचा सीएसआर आणि तुमचे चार लाख एकत्र करून हवेतून ऑक्सिजन काढणारा प्लांटच बसवा. आपल्या शेजारच्या नंदुरबारचं उदाहरण डोळ्यासमोर आहे. तिथले तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी सप्टेंबर २०२० मध्येच पहिला प्लांट बसवला होता. तेव्हा पहिली लाट ओसरू लागली होती आणि बाकी सगळीकडे आता संपलं म्हणून हुश्श झालं होतं. दुसऱ्या लाटेत आजूबाजूच्या जिल्ह्यांचे पेशंट तिथे खाटा शोधत आले. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

सर्किट_पुणेकर

आबा, नंदुरबारचं कौतुक शंभर टक्के पटतं, पण तो जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवरचा हिशेब होता. शेकडो खाटा आणि रात्रंदिवस मागणी. तीस खाटांच्या रुग्णालयाला तो लागू पडत नाही. मी बायोमेडिकल इंजिनिअर आहे आणि सरकारी रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करण्यातच माझा बहुतेक वेळ जातो, म्हणून जरा आकडे मांडतो.

मिनिटाला ५०० लिटरचा पीएसए प्लांट (आबा म्हणतात तोच, हवेतून ऑक्सिजन काढणारा) म्हणजे दिवसाला ७ लाख २० हजार लिटर, साधारण शंभर जम्बो सिलिंडर. तीस खाटांच्या रुग्णालयात एरवी एका वेळी ऑक्सिजनवर असतात दोन-तीन पेशंट, थंडीत न्यूमोनियाची मुलं वाढली तर पाच-सहा. त्यांच्यासाठी पन्नास किलोवॉटच्या आसपास वीज खाणारा कॉम्प्रेसर चालवायचा? बिल कोण भरणार? वीज गेल्यावर तेवढा मोठा जनरेटर कुठून आणणार? शिवाय प्लांट म्हणजे नुसता डबा नसतो. हवा सुकवणारा ड्रायर, फिल्टर, ऑइल, हवेतला नायट्रोजन शोषून घेणाऱ्या झिओलाइटचे टॉवर, शुद्धता मोजणारा सेन्सर हे सगळं सांभाळायला प्रशिक्षित ऑपरेटर लागतो. कोविडनंतर देशभर कितीतरी प्लांट याच कारणांनी बंद पडलेत. बसवताना सगळे फोटोत होते. देखभालीचा करार संपला त्या दिवशी फाईल कुणाच्या टेबलावर आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

गोमाईकाठ, आता तुमच्या प्रश्नाकडे. काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. अधीक्षकांची परवानगी काढा आणि रुग्णालयाची स्टोअर रूम उघडून बघा. कोविडमध्ये दान आलेले कॉन्सन्ट्रेटर तिथे प्लास्टिकच्या वेष्टणात पडलेले असण्याची दाट शक्यता आहे. किती आहेत, किती चालतात, हे आधी कळू द्या.

रात्रपाळी

सर्किट दादांनी स्टोअर रूमचं लिहिलं ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी स्टाफ नर्स, अशाच एका ग्रामीण रुग्णालयात. कुठलं ते लिहीत नाही.

आमच्याकडे कॉन्सन्ट्रेटर भरपूर आहेत. नाहीये ते सांगते. मुलांच्या मापाचे नेझल प्रॉन्ग, म्हणजे नाकात लावायच्या नळ्या, नाहीत. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटल्या तडकलेल्या. रक्तातला ऑक्सिजन मोजणारा, मुलांचा प्रोब (अंगाला लावायचा सेन्सर) असलेला पल्स ऑक्सिमीटर आख्ख्या रुग्णालयात एक, तो लेबर रूममध्ये असतो. मोठ्यांचा चिमटा तान्ह्या बाळाच्या बोटाला लावला तर आकडा एकदा ७० दाखवतो, एकदा ९८. कशावर विश्वास ठेवायचा?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री डोंगरातून आई-बाप आठ महिन्यांचं लेकरू घेऊन आले. न्यूमोनिया. छाती आत ओढली जात होती, नाकपुड्या फुललेल्या. कॉन्सन्ट्रेटरवर घेतलं, बाळ जरा शांत झालं आणि लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला वेळ लागतो. कोपऱ्यात जम्बो सिलिंडर उभा होता, भरलेला. पण व्हॉल्व्ह उघडायचा पाना सापडेना. मोबाईलच्या उजेडात मी आणि मावशी ड्रॉवर उपसतोय, बाळाचा बाप टॉर्च धरून उभा. शेवटी वॉचमनने शेजारच्या वॉर्डातून पाना आणला. मिनिटाला किती गॅस सोडायचा ते ठरवणारा फ्लोमीटर बसवला तर वॉशर खराब, सूं सूं आवाज करत गॅस बाहेर. टेप गुंडाळायचा नसतो हे माहीत आहे, म्हणून जुन्या फ्लोमीटरचा वॉशर काढून लावला. बाळ वाचलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पैशाने पाने आणले आणि प्रत्येक सिलिंडरला साखळीने बांधले.

तुम्ही सहा यंत्रं द्याल, आम्ही हात जोडून घेऊ. पण तुमच्या रुग्णालयातल्या सिस्टरना एकदा बसवून विचारा, रात्री दोन वाजता काय सापडत नाही. त्या जे सांगतील ते घ्या.

निळी_नाईल

रात्रपाळी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी बालरोगतज्ज्ञ, मूळची साताऱ्याची, सध्या युगांडात काम करते. इथेही अगदी हेच चित्र आहे, म्हणून थोडं लिहिते.

ऑक्सिजन हे औषध आहे. ते कुणाला द्यायचं, किती द्यायचं आणि कधी थांबवायचं हे मोजल्याशिवाय कळत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली गेलं की मूल धोक्यात असतं. पण ओठ-नखं निळी दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. शिवाय सावळ्या त्वचेवर आणि रक्त कमी असलेल्या मुलात निळेपणा नीट दिसतही नाही. आपल्या आदिवासी भागातल्या किती मुलांचं हिमोग्लोबिन चांगलं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अनुभवी डॉक्टरचीही नजर इथे चुकते.

यावर काम झालेलं आहे. पापुआ न्यू गिनीमध्ये पाच रुग्णालयांत कॉन्सन्ट्रेटर आणि पल्स ऑक्सिमीटर दोन्ही एकत्र दिले, वापरायला शिकवलं, दुरुस्तीची सोय लावली. न्यूमोनियाने दाखल झालेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर नायजेरियातल्या बारा रुग्णालयांत असाच प्रयोग झाला, तिथे आधी ऑक्सिमीटर आणि मग बाकीची यंत्रणा असं टप्प्याटप्प्याने केलं. नर्स प्रत्येक मुलाला ऑक्सिमीटर लावायला लागल्या तेव्हाच न्यूमोनियाच्या मुलांतले मृत्यू लक्षणीय कमी झाले. रुग्णालयात असलेला ऑक्सिजनच योग्य मुलापर्यंत पोहोचू लागला होता.

म्हणून माझं पहिलं मत ऑक्सिमीटरला. बोटाला लावायचा दोन हजारांचा चिमटा नको. हातात धरायचा, चार्जिंगचा, नवजात बाळाच्या पायाला गुंडाळायचा प्रोब आणि मोठ्यांचा प्रोब असे दोन्ही जोडता येतील असा. ओपीडीत एक, वॉर्डात एक, लेबर रूममध्ये एक. आणि प्रोब जादा घ्या. यंत्र टिकतं, प्रोबची वायर वर्षभरात तुटते.

आबा_शिरपूर

डॉक्टर, तुमचं म्हणणं समजलं. सर्किट यांचा विजेचा हिशेबही पटला, तीस खाटांना प्लांट जड जाईल हे मान्य. तरी एक शंका. पुन्हा तशी लाट आली तर? तेव्हा ऑक्सिमीटर नुसता आकडा दाखवेल, श्वास कुठून आणणार?

जळगाव_गॅसवाला

आबांच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. मी गॅस एजन्सीत आहे, सिलिंडर भरणं आणि पोहोचवणं हाच धंदा. २०२१ चा एप्रिल आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला ठाऊक.

तेव्हा राज्यात रोज साधारण १,२५० टन ऑक्सिजन तयार होत होता आणि मागणी त्याच्या पुष्कळ पुढे गेली होती. कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून थेट विशाखापट्टणमला पाठवावे लागले. पण नुसता तुटवडा होता असं नाही, तो वाहून आणणं हीसुद्धा मोठी अडचण होती. द्रव ऑक्सिजन तयार होतो चाकण, तळोजा, डोलवी अशा ठिकाणी. तो उणे १८३ अंशाला सांभाळत टँकरने आणायचा, आमच्यासारख्यांनी त्याचा गॅस करून सिलिंडर भरायचे आणि मग छोटा हत्ती डोंगरात जाणार. साखळीतला शेवटचा माणूस म्हणजे तालुक्याचं रुग्णालय, म्हणून झळ पहिली त्यालाच.

मग लाटेसाठी काय करायचं? सिलिंडरचा साठा आणि भरून आणायची पक्की व्यवस्था. जम्बोत म्हणजे डी टाइपमध्ये ७ घनमीटर, सात हजार लिटर गॅस बसतो. छोट्या बी टाइपमध्ये दीड हजार. आता हिशेब करा. तान्ह्या बाळाला मिनिटाला १ लिटर लागतो, एक जम्बो त्याला पावणेपाच दिवस पुरतो. मोठ्या माणसाला मास्कवर १० लिटर लावले तर तोच जम्बो बारा तासांच्या आत संपतो. आणि छोटा सिलिंडर १० लिटरवर लावून अँब्युलन्स सोडली तर अडीच तासांत काटा शून्यावर. दोन तासांचा रस्ता आणि मध्ये दरड, तर काय होईल? निघताना काटा किती दाखवतोय हे बघून गणित करूनच गाडी सोडायची, हे ड्रायव्हरलाही शिकवा.

गळती हा दुसरा चोर. वॉशर खराब असेल आणि मिनिटाला दोन लिटर जरी वाया जात असतील तरी छोटा सिलिंडर कुणालाही न लावता रात्रीत रिकामा. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, पाच मिनिटांचं काम.

आणि हात जोडून सांगतो, ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, फ्लोमीटरला तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावू नका. घट्ट बसलाय म्हणून लोक तेल सोडतात. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं, ठिणगीही लागत नाही.

सर्किट_पुणेकर

गॅसवाले दादांना जोरदार अनुमोदन. आबा, एक भर घालतो. लाटेच्या वेळी माणसंही लागतात. नंदुरबारात ऑक्सिजन नर्स नेमल्या होत्या. ठरावीक पेशंटमागे एक सिस्टर, तिचं काम एवढंच की दर थोड्या वेळाने प्रत्येकाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) बघायचं आणि गरजेप्रमाणे फ्लो कमी-जास्त करायचा. जेवायला किंवा बाथरूमला गेलेल्या पेशंटचा मास्क उशाशी सूं सूं करत पडलेला असतो, तो बंद करायचा. पुढे राज्याने बाकी जिल्ह्यांनाही तसं करायला सांगितलं. प्लांटचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पण माझ्या मते तिथली खरी शिकण्यासारखी गोष्ट ही होती.

साठ्याची बाजूही विसरू नका. नाशिकला २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या रुग्णालयात टाकी भरताना गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. मुख्य पुरवठा कोसळला तर खाटेजवळ पर्यायी सिलिंडर, फ्लोमीटर लावून तयार, अशी सवय प्रत्येक वॉर्डाला हवी. तीस खाटांच्या जागी ते सहज शक्य आहे.

केतकी_वन

धागा वाचतेय. आमच्या बाळाचा जन्म सातव्या महिन्यात झाला, दीड किलोच्या आत. तिथल्या डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावला तेव्हा आम्हाला वाटायचं, जितका जास्त तितकं चांगलं. एका सिस्टरनी फ्लो कमी केला तर माझ्या सासूबाई त्यांच्यावर चिडल्या होत्या. नंतर समजलं की कमी दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन दिला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, अंधत्वही येऊ शकतं. आमच्या बाळाची डोळ्यांची तपासणी वेळेत झाली, सगळं ठीक आहे. पण हे नातेवाईकांना कुणीतरी समजावून सांगायला हवं. डॉक्टर ताई, यावर थोडं लिहाल का?

निळी_नाईल

केतकी, फार महत्त्वाचा मुद्दा काढलास. कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन ९० ते ९५ च्या मध्ये ठेवायचं असतं. १०० दिसलं की घरचे खूश होतात, आम्ही मात्र फ्लो कमी करायला धावतो. त्या सिस्टरनी बाळाचे डोळे सांभाळले. म्हणजे इथेही ऑक्सिमीटर नसेल तर आपण डोळे मिटून औषध देतोय. फुप्फुसांचा जुना आजार (सीओपीडी) असलेल्या, वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात किंवा बिडीवर काढलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही ८८ ते ९२ पुरतं. त्यांना वारेमाप ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून ती गुंगीत जातात.

छोट्या बाळांसाठी अजून एक युक्ती आहे. पाच लिटरचा एकच कॉन्सन्ट्रेटर स्प्लिटर (एका नळीतला ऑक्सिजन अनेक नळ्यांत वाटणारा जोड) लावून, प्रत्येकाला स्वतंत्र छोटा फ्लोमीटर देऊन चार-पाच बाळांना पुरवता येतो, कारण नवजात बाळाला अर्धा ते एक लिटरच लागतो. फ्लोमीटर मात्र शून्य ते दोन लिटरच्या खुणांचा हवा. पंधरा लिटरच्या फ्लोमीटरवर अर्धा लिटर लावणं म्हणजे निव्वळ अंदाज.

जाता जाता एक सावधगिरी. बांगलादेशात ढाक्याच्या डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी शॅम्पूची रिकामी बाटली वापरून बबल सीपॅप (हलका दाब देऊन बाळाची फुप्फुसं उघडी ठेवणारी सोय) बनवला आणि न्यूमोनियाची अनेक मुलं वाचवली, हे तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. फार सुंदर काम आहे. पण मलावीत जिथे वॉर्डात डॉक्टरांची सतत देखरेख नव्हती, तिथे बबल सीपॅपवरच्या मुलांमध्ये साध्या ऑक्सिजनवरच्या मुलांपेक्षा जास्त मृत्यू झाले. त्यामुळे बाटली दिसायला साधी असली तरी शिकलेल्या टीमशिवाय हा प्रयोग तालुक्याला करू नये.

आबा_शिरपूर

माहितीपूर्ण. विजेचं काय करायचं मग? आमच्याकडे शेतीचा फीडर वेगळा केला तरी गावात दिवसातून चारदा झटके.

सर्किट_पुणेकर

आबा, कळीचा प्रश्न. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॉट खातो. दिवसभर चालला तर आठ-साडेआठ युनिट. घरच्या दीडशे एएचच्या एका बॅटरीवर तो अडीच-तीन तासांपलीकडे जाणार नाही, तेही बॅटरी नवी असेल तर. म्हणून कॉन्सन्ट्रेटर मुख्य आणि सिलिंडर राखीव, ही जोडीच हवी. दोन्हीपैकी एकावर विसंबू नये.

व्होल्टेज हा यंत्रांचा खरा काळ. १६० आणि २७० मध्ये हेलकावे खाणाऱ्या लाईनवर कॉम्प्रेसर थेट लावला तर वर्षही काढणार नाही. प्रत्येक यंत्रामागे चांगला स्टॅबिलायझर पाहिजेच.

सौरऊर्जेचा विचार जरूर करा. निळी_नाईल यांच्याच युगांडात वीस आरोग्य केंद्रांत सोलर पॅनेल, बॅटरी आणि कॉन्सन्ट्रेटर असा संच बसवून अभ्यास झालाय. ऑक्सिजन कमी असलेल्या मुलांचे पहिल्या ४८ तासांतले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पण चार लाखांत ते नीट बसणार नाही. बॅटरी बदलायचे पैसे दर काही वर्षांनी लागतील, ते कुठून येणार हे ठरल्याशिवाय त्यात पडू नका.

निळी_नाईल

दुजोरा. इथे ते संच मी चालताना पाहिलेत. छतावर पॅनेल पुसायला माणूस नेमलेला असतो, तो सुटीवर गेला की आठवड्यात फरक पडतो.

गोमाईकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं ऐकून मी आणि दोन मित्र रुग्णालयात जाऊन आलो. अधीक्षक साहेब आणि स्टोअरच्या फार्मासिस्टनी खूप सहकार्य केलं.

स्टोअर रूममध्ये नऊ कॉन्सन्ट्रेटर निघाले. चार तर खोक्यातच. वॉर्डात दोन चालू आहेत. सिलिंडर पुरेसे, पण चालू फ्लोमीटर फक्त तीन. ऑक्सिमीटर म्हणाल तर बोटाचे चिमटे, निम्म्यांत सेल नाहीत. सिस्टरना बसवून विचारलं, रात्रपाळी ताईंनी सांगितलं तसंच. त्यांनी वहीच्या पानावर यादीच लिहून दिली. पहिलं नाव प्रॉन्गचं, दुसरं पान्याचं. सहा नव्या यंत्रांचा विषय ग्रुपवर तिथेच संपला, फोटो बघून सगळे गप्प झाले.

आता प्रश्न असा की हे नऊ जुने चालतील का? आणि सरकारी रुग्णालयाला वस्तू द्यायची रीत काय?

सर्किट_पुणेकर

नऊ! वाईट वाटलं पण आश्चर्य नाही वाटलं.

सुरू करून बघायला घाई करू नका, क्रमाने जा. बाहेरचा जाळीचा फिल्टर काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवून बसवा. यंत्र भिंतीपासून हातभर लांब ठेवून स्टॅबिलायझरवर लावा, अर्धा तास चालू द्या. मग ऑक्सिजन ॲनालायझरने शुद्धता मोजा. ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. चांगलं यंत्र पूर्ण पाच लिटरवर ९० च्या पुढे दाखवतं. ८२ च्या खाली असेल तर ते पेशंटला लावायचं नाही, मग ते कितीही गुरगुरत चालू दे. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्रात झिओलाइट दमट होतं, मग बाहेर येते ती जवळपास साधी हवाच. नळीतून वारा येतोय म्हणून ऑक्सिजन येतोय असं समजू नका. म्हणून ॲनालायझर तुमच्या यादीत घालाच. रुग्णालयांत हे एवढंसं उपकरण क्वचित दिसतं आणि त्याच्याशिवाय बाकी सगळा अंधारातला कारभार.

माझा अंदाज, नऊपैकी पाच-सहा तरी थोड्या खर्चात उभे राहतील. नंतर ते आलटून पालटून वापरात ठेवायचे. बंद ठेवलं की बिघडतं, ही या यंत्राची जात आहे.

देण्याची रीत: रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय घ्यायला लावा, लेखी स्वीकृती घ्या आणि प्रत्येक वस्तू साठा नोंदवहीत चढवा. नोंद नसेल तर ती वस्तू कागदावर नसतेच, बिघडली की दुरुस्तीला कुणी हात लावत नाही. दान आलेली यंत्रं देखभालीच्या करारात घेता येतील का हे जिल्ह्याच्या बायोमेडिकल इंजिनिअरला लेखी विचारा. आणि सगळे पैसे एकदम खर्चू नका. लाखभर तरी बाजूला ठेवा, फिल्टर, प्रोब, वॉशर, दुरुस्ती यासाठी. पाटीवर नाव कोरायला यात काही नसतं हे मला कळतं. पण तिसऱ्या वर्षी यंत्र चालू राहतं ते याच पैशामुळे.

जळगाव_गॅसवाला

भरलेला, चालू, रिकामा असे तीन पत्रे करून प्रत्येक सिलिंडरच्या गळ्यात अडकवा. आणि सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा. जम्बो पडला तर पायाचा चुरा होतो आणि व्हॉल्व्ह तुटला तर भिंत फोडून जातो. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची (सिलिंडर दाब सहन करतो का त्या चाचणीची) तारीख कोरलेली असते, तीही तपासा. मुदत उलटलेला सिलिंडर आम्ही भरून देत नाही, कायद्याने देताच येत नाही. ऐन गरजेला तो परत येईल.

निळी_नाईल

आणि प्रशिक्षण. एक दिवसाचं शिबिर घेऊन प्रमाणपत्रं वाटून भागत नाही, नर्सच्या बदल्या होतात. प्रत्येक खाटेजवळ एक मराठी तक्ता लावा. कोणत्या वयाला किती लिटर, सॅच्युरेशन किती हवं, न वाढल्यास काय तपासायचं: नळी दुमडली का, प्रॉन्ग नाकात आहे का, बाटलीचं झाकण सैल आहे का, यंत्राची शुद्धता किती. मी मजकूर लिहून देते, तुमच्या डॉक्टरांनी तपासून घ्यावा.

जगात जवळपास पाचशे कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारा वैद्यकीय ऑक्सिजन मिळत नाही, असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात म्हटलं आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ज्यांना तातडीने गरज पडते त्यांच्यातल्या तिघांपैकी एकालाही तो नीट पोहोचत नाही. तुमच्या स्टोअर रूममधली ती नऊ यंत्रं वाचली आणि हा आकडा माझ्यासाठी एकदम खरा झाला. आपल्याकडे ऑक्सिजन होता, चार भिंतींच्या अंतरावर.

गोमाईकाठ

ग्रुपची बैठक झाली. एक-दोन जण नाराज होते, द्यायला मोठं काही दिसत नाही म्हणून. त्यांना रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, मग कुणी बोललं नाही. २६ जानेवारीचा कार्यक्रमही रद्द केला, सामान येईल तसं देत जाऊ.

ठरलेली यादी अशी: हातातले ऑक्सिमीटर तीन, जादा प्रोबसह. ॲनालायझर एक. फ्लोमीटर आठ, त्यात चार लहान मुलांचे. स्टॅबिलायझर. स्प्लिटर एक. ह्युमिडिफायर बाटल्या, पाने, साखळ्या, वॉशर. जुन्या कॉन्सन्ट्रेटरची दुरुस्ती. सव्वा लाख रुपये रुग्ण कल्याण समितीकडे देखभालीसाठी राखीव, वर्षातून दोनदा हिशेब आम्हाला दाखवायचा अशा लेखी अटीवर. सर्किट दादा, पुढच्या महिन्यात तुम्ही एक दिवस आलात तर येण्याजाण्याचं आणि राहण्याचं आम्ही बघतो.

रात्रपाळी ताई, प्रॉन्ग कोणत्या मापाचे आणि किती घ्यायचे?

सर्किट_पुणेकर

शनिवारी येतो, रविवार धरून. येताना माझा ॲनालायझर आणतो, तुमचा येईपर्यंत काम अडणार नाही. त्या नऊ यंत्रांच्या मागच्या बाजूचं मॉडेल लिहिलेल्या पट्टीचे फोटो आधी पाठवा, म्हणजे फिल्टर सोबत घेता येतील.

रात्रपाळी

नवजात बाळाचे, तान्ह्या मुलांचे आणि थोड्या मोठ्या मुलांचे अशी तीन मापं घ्या. सगळ्यात जास्त तान्ह्या मुलांचे, थंडीत तेच संपतात. मोठ्यांचे सहसा सरकारी पुरवठ्यात येतात, ते थोडे चालतील. एक बाळ, एक प्रॉन्ग, धुऊन दुसऱ्याला लावायचा नाही, त्या हिशेबाने मोजा. गालाला चिकटवायची मऊ टेपही लिहून घ्या, साध्या चिकटपट्टीने बाळांची कातडी सोलते. बाटलीतलं पाणी रोज बदलायचं, तेही तक्त्यावर टाका. आणि सामान स्टोअरला कुलपात ठेवू नका म्हणावं, वॉर्डात ड्यूटीच्या टेबलाखाली एका डब्यात ठेवा. किल्ली ज्यांच्याकडे असते ते रात्री घरी असतात.